जुन्या जीपगाडीच्या पेट्रोलनळ्या : परीक्षा व पालट

मंडणगड तालुक्यातील बागाइतदारांपैकी कित्येकांच्या पडवीशेजारी अद्यापि एखादी जुनी जीपगाडी उभी असलेली दृष्टीस पडते. कोणाची वडिलांनी घेतलेली, कोणाची आजोबांनी. महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जातीची जीप आपल्या देशातील रस्त्यांवर आणली, आणि पुढे त्याच घडणीच्या गाड्या अनेक दशके मुंबईच्या बाजूस तयार होत राहिल्या. जांभ्याची चढण, पावसाने उखडलेली पाखाडी आणि बागेतून सडकेपर्यंतचा बैलगाडीचा रस्ता, या तिन्ही ठिकाणी चालेल असे दुसरे वाहन त्या काळी नव्हते. आजही आंब्याच्या पेट्या बागेतून काढण्यास किंवा भात गिरणीवर नेण्यास ही गाडी पुष्कळांस नव्या गाडीपेक्षा सोयीची वाटते. गाडीचे एंजिन साधे असून गावातील मिस्त्रीस कळते, हा तिचा मोठा गुण. परंतु ज्या पेट्रोलावर ती चालावयाची ते पेट्रोल मात्र आता पूर्वीचे राहिलेले नाही. या फेरफाराचा पहिला आघात गाडीच्या ज्या भागावर होतो तो भाग, म्हणजे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणाऱ्या नळ्या, कोणी सहसा पाहत नाही. म्हणून त्यांजविषयी थोडे सविस्तर लिहावयाचे योजिले आहे.

प्रस्तुत लेखकास हा विषय स्वानुभवाने शिकावा लागला. गेल्या वैशाखात पेट्या घेऊन म्हाप्रळच्या बाजूस जात असता गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. मागे डबा ठेविला होता, त्याचाच वास असावा असे समजून दोन दिवस तिकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चढणीवर एंजिन बंद पडले. बोनेट उघडून पाहतो तो एंजिनावरील पंपातून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी ओली झालेली, आणि तिच्या टोकाशी जमलेला थेंब खाली तापलेल्या एक्झॉस्टच्या नळीपासून चार बोटांवर ओघळत असलेला. गाडीत पेट्या होत्या व मागे घरची दोन मुले बसली होती. त्यापुढचे वर्णन करण्याचे कारण नाही. नळी कापून पाहता असे आढळले की, तीन वर्षांपूर्वी एका कारागिराने पाण्याच्या उपयोगाची साधी नळी तेथे बसविली होती. त्याच्या हातून हे अज्ञानाने झाले, आणि आम्हीही ती कोणत्या जातीची आहे हे विचारले नव्हते.

आता पेट्रोलमध्ये फरक काय झाला तो पाहू. जुन्या जीपगाड्या घडविल्या त्या वेळी पेट्रोलमध्ये शिशाचा अंश असे. तो १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाला. पुढे २००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के मद्यार्क, ज्यास इथेनॉल म्हणतात तो, मिसळण्यास आरंभ झाला. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले आणि २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस येऊन २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. हा मद्यार्क बराचसा आपल्याच घाटावरील बांधवांच्या उसापासून व मळीपासून, तसेच मका व तांदूळ यांपासून निघतो. तेव्हा शेतकऱ्याने त्यास नावे ठेवावी असे मुळीच नाही. एवढेच की, जी गाडी मद्यार्क लक्षात घेऊन बांधलेली नाही तिच्यात तो घालताना मालकाने आपली बाजू सावरली पाहिजे. १ एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांच्या नळ्या व वायसर हे मिश्रण सोसतील अशा द्रव्याचे असावेत असा दंडक आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीस तो दंडक कोण लावणार? तो आपण स्वतः लाविला पाहिजे.

मद्यार्काचे रबरावर होणारे कार्य समजून घेण्यासारखे आहे. रबर पेट्रोल शोषून थोडे फुगते हे जुने ज्ञान आहे, आणि म्हणूनच पेट्रोलसाठी नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर वापरीत. निव्वळ पेट्रोलात असे रबर थोडेच फुगते, निव्वळ मद्यार्कातही फार फुगत नाही. पण दोहोंचे मिश्रण केले म्हणजे ते दोहोंपेक्षा अधिक फुगते. दहा ते वीस टक्क्यांच्या आसपासचे मिश्रणच जुन्या रबरास विशेष बाधते. फुगताना रबरास लवचिक ठेवणारी तेलकट द्रव्ये बाहेर निघून जातात. मग गाडी महिना दोन महिने उभी राहिली व नळी सुकली की ती आकसते, कडक होते आणि वाकविल्यास तडकते. बाहेरून नळी धडधाकट दिसते; आतील अस्तर मात्र पापुद्रे सुटून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. पुष्कळ वेळा मिस्त्री कार्ब्युरेटर पुनःपुन्हा धुतो आणि दोष मात्र नळीत असतो.

मद्यार्काचा दुसरा गुण म्हणजे पाण्याशी त्याचे असलेले सख्य. साध्या पेट्रोलात हवेतील ओल विरघळत नाही. मद्यार्क ती ओढून घेतो. मर्यादेबाहेर पाणी झाले म्हणजे पाणी व मद्यार्क एकत्र होऊन पेट्रोलापासून विभक्त होतात व जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. आणि नळी तर तळातूनच ओढते. कोकणच्या चातुर्मासात अर्धी रिकामी टाकी घेऊन पडवीत उभी राहिलेली गाडी गणपतीच्या सुमारास का चालू होत नाही, याचे कारण बहुधा येथे सापडते. तिसरा गुण असा की, मद्यार्क जुन्या टाकीतील राळ व गंज सैल करतो. ही घाण प्रथम गाळणीत व नंतर पंपाच्या झडपांत येते.

परीक्षेस आरंभ कोठून करावा? बहुतेक लोक बोनेट उघडून जी नळी समोर दिसते तेवढीच पाहतात. पण जुन्या विलीज घडणीच्या गाडीत टाकी बैठकीखाली असते. तेथून पोलादी नळी चासीच्या कडेने पुढे येते, चासी व एंजिन यांच्यामध्ये रबरी तुकडा असतो, मग पंप, आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत शेवटचा भाग. एंजिन रबरी गाद्यांवर हलत असते आणि चासी स्थिर असते, म्हणून मधला तो वीतभर तुकडा सर्वांत अधिक झिजतो, आणि चिखलाने माखलेला असल्यामुळे सर्वांत कमी पाहिला जातो. टाकीत पेट्रोल ओतण्याच्या तोंडाची जोडनळी, टाकीवरील मापकाखालचा बुचाचा वायसर आणि झाकणाचा वायसर हेही तपासावे. गाडीत बसणाऱ्यास वास येतो तो पुष्कळदा यांच्यामुळेच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात पेट्रोल ओढले जाते, तर पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत ते ढकलले जाते. ढकलणाऱ्या बाजूस भेग पडली तर थेंब गळतो व तो दिसतो. ओढणाऱ्या बाजूस भेग पडली तर गाडी चालू असताना काहीच गळत नाही. उलट नळी हवा ओढते आणि एंजिन चढणीवर उपाशी पडते. मिस्त्री पंप बदलतो, दोष जात नाही. अशी गाडी टाकी पूर्ण भरून रात्रभर उभी करावी व सकाळी खाली घातलेला कोरा पुठ्ठा पाहावा. ओढणाऱ्या बाजूची भेग अशा वेळी कधी कधी आपले ठिकाण दाखविते. न दाखविली तरी ती नाही असे समजू नये. नळी बोटांनी दाबून पाहावी. ती मऊ चिकट लागली, किंवा खडकासारखी कडक लागली, किंवा वाकविल्यावर बारीक रेघा उमटल्या, तर तिची भरती झाली असे समजावे.

एंजिनाचे तेलही काढपट्टीवर पाहावे. तेलाची पातळी आपोआप वाढली असेल व त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपातील पडदा फाटून पेट्रोल एंजिनाच्या पोटात उतरत आहे. पातळ झालेल्या तेलावर गाडी चालविल्यास बेअरिंगे जातात आणि मग नळीच्या खर्चाऐवजी एंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च येतो. नळ्या बदलताना पंपाचा पडदाही मद्यार्क सोसणाऱ्या द्रव्याचा बसवावा, हे येथेच सांगून ठेवतो.

नवी नळी घेताना दुकानदार “पेट्रोलची आहे” म्हणाला एवढ्यावर विसंबू नये. चांगल्या नळीच्या अंगावर तिची जात छापलेली असते. एसएई जे ३० आर ९ असे चिन्ह असलेल्या नळीचे आतील अस्तर फ्लुओरिनयुक्त रबराचे असते व ते मद्यार्कास दाद देत नाही. आर ६ व आर ७ या हलक्या जाती आहेत. आमच्या मते जुन्या गाडीस आर ९ घेण्यातच शहाणपण आहे, कारण लागते ती हातभर दोन हातच. पारदर्शक प्लास्टिकची नळी, जिच्यातून पेट्रोल वाहताना दिसते म्हणून लोकांस ती आवडते, एंजिनाजवळ कदापि लावू नये. उष्णतेने ती प्रथम मऊ पडते व पुढे काचेसारखी होते. नळीचा आतला व्यास जुन्या धातूच्या टोकाचे बाहेरचे माप व्हर्नियरने घेऊन ठरवावा. जुनी फुगलेली नळी नमुना म्हणून नेल्यास एक माप मोठी नळी घरी येते.

शंका असल्यास बियाण्याची उगवण पाहतो तशीच नळीचीही परीक्षा करावी. बोटभर तुकडा कापून त्याची लांबी व जाडी लिहून ठेवावी, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पंपावरील ताज्या पेट्रोलात तो आठ दिवस बुडवून सावलीत, चुलीपासून दूर ठेवावा, आणि मग पुन्हा माप घ्यावे. आम्ही तीन दुकानांतून तीन तुकडे आणून असे केले. एक होता तसाच राहिला. दुसरा थोडा जाड झाला. तिसरा इतका फुगला की, ज्या टोकावर तो आधी घट्ट बसत होता तेथे आता सैल फिरू लागला, आणि बाटलीतील पेट्रोल शाईसारखे काळे झाले. त्याच्याही अंगावर “फ्युएल” असा शब्द छापलेला होता!

चासीवरील धातूची नळी गंजली असल्यास पोलादाचीच किंवा तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची बसवावी. शुद्ध तांब्याची नळी वळविण्यास सोपी म्हणून कारागीर ती सुचवितात. पण तांबे सततच्या थरथरीने कडक होऊन चिरते, आणि त्याच्या संगतीने पेट्रोलमध्ये राळही लवकर धरते. धातूच्या ज्या टोकावर रबर चढवावयाचे त्या टोकास उंचवट्याची कडी काढून घ्यावी, म्हणजे नळी निसटत नाही. मधोमध रबर घालून फुटका तुकडा जोडण्याची चाल फार आहे; प्रत्येक सांधा ही गळतीची नवी जागा होय.

प्रत्यक्ष कामास सकाळची वेळ, एंजिन पूर्ण थंड आणि जागा उघडी असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत सरकत जाऊन खड्ड्यात साठते व दूरच्या चुलीवर पेट घेते. म्हणून बंद खोपटात, खड्ड्यावर किंवा पडवीत जेथे पलीकडे स्वयंपाक चालू आहे तेथे हे काम करू नये. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. तारेच्या टोकाला लोंबणारा दिवा घेऊन खाली शिरू नये. तो फुटला की ठिणगी पडते. कोरड्या चूर्णाचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे, निदान दोन घमेली कोरडी वाळू. पेटत्या पेट्रोलावर पाणी ओतल्यास आग पसरते. टाकीतील पेट्रोल धातूच्या डब्यात काढावे, प्लास्टिकच्या बादलीत नव्हे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची जी खोड आपल्याकडे आहे ती सोडावी. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. जुने, पाणी धरलेले पेट्रोल बागेत ओतू नये. आपला जांभा सच्छिद्र आहे आणि विहीर फार लांब नसते.

नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. करवतीने कापल्यास भुसा आत राहतो. टोकावर स्वच्छ एंजिन तेलाचा थेंब लावून नळी कडीच्या पलीकडे निदान एक इंच चढवावी व क्लिप कडीच्या मागे आवळावी. ज्या ज्युबिली क्लिपच्या पट्टीस आरपार खाचा असतात ती क्लिप नळीत रुतून रबर कापते; कडा मुडपलेल्या, आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप मिळते ती घ्यावी. फार आवळणे हाही दोषच. चासी व एंजिन यांमधील तुकडा ताणलेला नसावा, एंजिन हलेल तितकी ढील ठेवावी. एक्झॉस्टपासून नळी जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी, आणि जेथे ती पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे घालावे. मद्यार्कमिश्रित पेट्रोल उन्हाळ्यात लवकर वाफाळते. नळी तापली की तिच्यात वाफेचा अडसर होऊन गाडी चढणीवरच बंद पडते. वैशाखातील आमच्या गाडीचे एंजिन बंद पडण्याचे अर्धे कारण तेच असावे.

सर्व जोडून झाल्यावर टाकीत दोन लिटर ताजे पेट्रोल घालावे. पंपास हाताने दाबावयाचा दांडा असल्यास तो दाबून कार्ब्युरेटर भरावा व अर्धा तास प्रत्येक सांधा कोरड्या बोटाने व कागदाने चाचपावा. सर्व कोरडे निघाल्यावरच बॅटरी जोडावी. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर क्लिपा पुन्हा पाहाव्या. टाकीतील सैल झालेली घाण येतच राहील, तेव्हा नवी गाळणी महिन्याने बदलावी व दुसरीही हाताशी ठेवावी.

डिझेलच्या जीपगाड्या आपल्याकडे संख्येने अधिक आहेत. त्यांना मद्यार्काची बाधा नाही आणि डिझेल पेट्रोलइतके चटकन पेटतही नाही. पण १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत दहा भागांवर आणलेले आहे, आणि अशा शुद्ध डिझेलमध्ये जुने फुगलेले वायसर कधी कधी आकसून गळू लागतात. डिझेल गाडीस परत येणारी नळीही असते, ती विसरू नये. नळ्या बदलल्यावर गाळणीपासून सुरुवात करून क्रमाने हवा काढली नाही तर एंजिन चालू होत नाही. हीच रीत पॉवर टिलरला व पाण्याच्या एंजिनाला लागू आहे. गवत कापण्याच्या व औषध फवारण्याच्या लहान पेट्रोल यंत्रांच्या नळ्या तर वर्षा दोन वर्षांतच जातात.

एक पोटविषय आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आखल्यापासून जुनी गाडी घेऊन तीत बिछाना व शेगडी बसवून हिंडण्याची हौस वाढू लागली आहे. वेळासला कासवे पाहण्यास येणाऱ्यांत असा एखादा प्रवासी असतो, आणि किनाऱ्यालगतच्या एखाद्या बागाइतदाराच्या मनात आपल्या जुन्या गाडीचे तसेच काही करावे असे येते. त्यास सांगणे एवढेच की, ज्या गाडीत पेट्रोलची नळी जाते तीतच विस्तव पेटवावयाचा असेल तर नळ्यांचे काम आधी, गादी व पडदे नंतर. वेसवीच्या धक्क्यावरून गाडी बागमांडल्यास जाणाऱ्या फेरीबोटीत चढविताना आजूबाजूस दुसऱ्यांच्याही गाड्या असतात, हेही ध्यानात ठेवावे.

पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी करण्याची सोय केंद्र सरकारने २०२१ साली केली आहे. मात्र अशी गाडी नेहमीच्या वाहतुकीस वापरता येत नाही. जिच्यातून पेट्या वाहावयाच्या आहेत ती या नोंदणीत घालण्याची घाई करू नये.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. चार महिने गाडी उभी ठेवावयाची असल्यास ज्येष्ठात टाकी ताज्या पेट्रोलने गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे ओलसर हवेस आत जागा राहत नाही. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी सोडून तिचे सुटे टोक प्रथम बुचाने बंद करावे व मग एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. झाकणाचा वायसर नवा असावा. गाडी उघडण्याच्या दिवशी टाकीच्या तळातून पेलाभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावे; दोन थर दिसल्यास खालचा थर संपेपर्यंत काढून टाकावा, आणि तोपर्यंत स्टार्टरला हात लावू नये. नळी बदलल्याचा महिना व साल आम्ही पांढऱ्या रंगाने बोनेटच्या आतल्या बाजूस लिहून ठेविले आहे. पाच वर्षांनी, ती चांगली दिसत असली तरी, पुन्हा बदलावयाची असा आमचा विचार आहे.